गाळलेले पाणी आणि त्याची चव

पाणी गाळून प्यावे, हा आपल्या समाजात मुलाला अक्षरओळखीच्याही आधी मिळणारा पाठ आहे. आमच्या लहानपणी बेळगावात आई विहिरीच्या काठावर हंड्याच्या तोंडावर दुपदरी गाळणे बसवून पाणी गाळीत असे. गाळण्यात राहिलेली जिवाणी थोड्या गाळलेल्या पाण्याबरोबर त्याच विहिरीत हलकेच परत सोडावयाची आणि मगच घागर कमरेवर घ्यावयाची, असा तिचा नेम होता. त्या काळी पाण्याच्या चवीचा विषय घरात कधी निघत नसे. आज घरोघरी गाळणीची यंत्रे आली आहेत आणि विषय निघतो तो बहुधा चवीचाच. कोणी म्हणतात, यंत्राचे पाणी गोड लागते. कोणी म्हणतात, फिके लागते. कोणाची तक्रार अशी की, त्या पाण्याचा चहा मनासारखा होत नाही. या तिन्ही म्हणण्यांत थोडेथोडे तथ्य आहे. ते कितपत आहे, याचा विचार आम्हांस करावा लागला तो मात्र तूरडाळीमुळे.

डाळीची तक्रार

काही वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या पूर्व भागातील एका खेड्याचे किराणा दुकानदार, आमचे जुने गिऱ्हाईक, यांजकडून निरोप आला की, पाठविलेल्या तूरडाळीची पोती परत न्यावीत, डाळ शिजत नाही. त्याच मालाची डाळ आम्ही बेळगाव शहरातही विकली होती आणि येथून एकही तक्रार नव्हती. आमच्या मनात प्रथम जो विचार आला तो चांगला नव्हता. त्यांच्याकडे मागील बाकी होती. ती लांबविण्यासाठी हे निमित्त काढले असावे, असे आम्हांस वाटले, आणि दिवाणजींजवळ आम्ही तसे बोलूनही दाखविले.

पुढे ते गृहस्थ स्वतः डाळीची पुडी घेऊन आले. घरी सौभाग्यवतींनी ती शिजत घातली, तो पाऊण तासात वरण एकजीव झाले. गृहस्थ ओशाळले आणि आम्हांस आपले म्हणणे खरे झाल्याचे समाधान वाटले. परंतु सौभाग्यवतींनी सहज विचारले, "भाऊ, तुमच्याकडे पाणी कुठले?" ते म्हणाले, "बोअरचे." पुढच्या खेपेस त्यांनी आपल्या घरचे पाणी कॅनमध्ये भरून आणले. एकाच पोत्यातील डाळ, एकच माप, सारखी पातेली आणि सारखी आच, असे करून दोन्ही पाण्यांत डाळ शिजविली. आमच्या नळाच्या पाण्यातील डाळ विरघळली. त्यांच्या पाण्यातील डाळीचा दाणा न् दाणा अखेरपर्यंत उभा राहिला. डाळ निर्दोष होती आणि गिऱ्हाईकही खरे बोलत होते.

याचे कारण असे. डाळीच्या पेशी एकमेकींस धरून ठेवणारा पेक्टिन नावाचा एक पदार्थ असतो. साध्या पाण्यात तो शिजताना सुटतो. पाणी जड असले, म्हणजे त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार अधिक असले, की ते पेक्टिनशी बांधले जाऊन त्याला अधिकच घट्ट करतात आणि डाळ मऊ होत नाही. जुनी, उष्ण व दमट जागी साठवलेली डाळही शिजण्यास हट्टी होते, हे आपणां सर्वांस माहीत आहे. परंतु नव्या मालाविषयी अशी तक्रार आली, तर पोत्यापूर्वी पाण्याकडे पाहावे, असे आम्ही अनुभवाने सांगतो.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट घडली. त्या गृहस्थांनी आमच्या माठातील पाणी पिऊन पेला खाली ठेवला आणि ते म्हणाले, "पाणी फिकं आहे हो तुमचं." आम्ही त्यांचे पाणी चाखले, तो आम्हांस ते मचूळ लागले. दोघांच्याही जिभा खऱ्या होत्या. मग पाण्याची चव म्हणजे नेमके काय, हा प्रश्न आम्हांस पडला. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे; तथापि जाणकारांस विचारून व वाचून जे समजले ते येथे मांडीत आहोत.

पाण्याला चव कशाने येते

पाण्याला रंग, वास वा चव नसते, असे आपण शाळेत शिकलो. ते निव्वळ पाण्याविषयी झाले. आपण पितो ते पाणी माती-खडकांतून वाट काढीत येते आणि वाटेतील क्षार विरघळवून घेते. कॅल्शियमच्या बायकार्बोनेटाने पाण्यास भरीव, सुखद चव येते. मॅग्नेशियम व सल्फेट वाढले की ती कडसर होते. मीठ वाढले की खारट. लोहाने लोखंडी कस लागतो व धुतलेल्या कपड्यांवर पिवळट डाग पडतात. पावसाळ्याच्या तोंडाशी तलावाच्या पाण्यास कधी मातकट वास येतो, तो जिऑस्मिन नावाच्या द्रव्याचा. सूक्ष्म जीव ते निर्माण करतात आणि मनुष्याच्या नाकास त्याचा अत्यल्प अंशही कळतो. पहिल्या पावसाच्या सुगंधात हेच द्रव्य असते. जमिनीवर ते हवेसे वाटते आणि पेल्यात नकोसे.

विरघळलेल्या सर्व क्षारांच्या एकूण मापास टी.डी.एस. म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते एका लिटरमध्ये ६०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार असलेले पाणी सर्वसाधारणपणे चवीस चांगले लागते. १,००० च्या पुढे ते उत्तरोत्तर नकोसे होते. त्याचबरोबर क्षार अगदीच कमी असले तर पाणी सपक लागते, असेही ती संघटना सांगते. आपल्या देशाच्या २०१२ च्या मानकात (आय.एस. १०५००) ही मर्यादा ५०० मिलिग्रॅम असून, दुसरी सोयच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतले आहे. जडपणाच्या मर्यादा त्याचप्रमाणे २०० व ६०० आहेत.

जिभेचाही यात वाटा असतो. आपल्या लाळेत क्षार असतात आणि जीभ त्यांना सरावलेली असते; म्हणून पाण्यातील क्षारांची चव ती आपल्या सवयीच्या मापाने घेते. आवळा खाऊन पाणी प्यावे, ते गोड लागते. पाणी तेच असते, जीभ बदललेली असते. थंडपणानेही फरक पडतो. माठातील गार पाण्यात जी चव झाकली जाते, ती कोमट पाण्यात उघडी पडते.

गाळण्याचे प्रकार व त्यांचा चवीवरील परिणाम

कापडाचे गाळणे. आपल्या परंपरेत गाळण्याचे वस्त्र छत्तीस अंगुळे लांब व चोवीस अंगुळे रुंद, दुपदरी असावे, असे सांगितले आहे. त्याचा हेतू जीवरक्षणाचा. चव वा आरोग्य हा नव्हे. तथापि त्याचा आरोग्यास उपयोग होतो, असेही पुढे दिसून आले. बांगलादेशातील खेड्यांत जुन्या साडीच्या अनेक घड्यांतून पाणी गाळून पिण्याचा प्रयोग करण्यात आला, तेव्हा पटकीचे प्रमाण सुमारे निम्म्याने उतरले. हे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. पटकीचे जंतू पाण्यातील बारीक जीवांस चिकटून राहतात आणि ते जीव कापडात अडकतात, म्हणून असे घडते. परंतु मोकळे जंतू व विरघळलेले क्षार कापडातून सरळ पलीकडे जातात. म्हणून कापडाने गढूळपणा जातो, चव बदलत नाही. गाळण्यात साबण राहिला असेल तर ती बिघडते मात्र.

उकळणे. याने जंतू मरतात. पाण्यातील विरलेली हवा निघून जाते, म्हणून उकळलेले पाणी निर्जीव, सपक लागते. निवल्यावर ते एका स्वच्छ भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून दोन-चार वेळा ओतले की चव पुष्कळशी परत येते. बायकार्बोनेटाचा जडपणा उकळल्याने तळाशी व कडांना पांढरा थर होऊन बसतो; तो तसाच ठेवून वरचे पाणी घेतले तर डाळही बरी शिजते. आपल्या परंपरेत गाळलेले पाणी दोन घटका, लवंगेसारख्या द्रव्याने प्रासुक केलेले दोन प्रहर व उकळलेले आठ प्रहर चालते. लवंगेच्या पाण्याची खूण अशी की, त्याचा वर्ण, गंध व रस बदललेला असावा. म्हणजे पाण्याची चव बदलणे ही गोष्ट आपल्या पूर्वजांच्या नजरेतून सुटलेली नव्हती.

कँडलचा फिल्टर. भाजलेल्या सच्छिद्र मातीतून पाणी झिरपते. लंडनमध्ये डोल्टन यांच्या कारखान्याने १८२७ च्या सुमारास असे फिल्टर काढले. गाळ व बरेचसे जंतू अडतात, क्षार तसेच राहतात, म्हणून पाण्याची मूळ चव कायम राहते. कँडल साबणाने कधी धुऊ नये. मऊ ब्रशाने स्वच्छ पाण्याखाली घासावी.

कोळशाची गाळणी. चवीच्या दृष्टीने खरा किमयागार हाच होय. सक्रिय कोळशाच्या असंख्य छिद्रांत क्लोरीन, मातकट वास व इतर गंधद्रव्ये धरली जातात, आणि क्षार तसेच राहतात. नळाच्या पाण्यास औषधाचा वास येतो म्हणून तक्रार असेल, तर बहुधा एवढ्यानेच ती मिटते. पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात काही तास झाकण किंचित सरकवून ठेवले तरी क्लोरीन पुष्कळसे उडून जाते. परंतु क्लोरीन हा पाण्याचा पहारेकरी असतो. तो गेल्यावर पाणी फार दिवस साठवू नये. गावाहून परत आल्यावर यंत्रातील पहिले पाणी सोडून द्यावे, आणि कोळशाचे नळकांडे मुदतीत बदलावे; नाहीतर त्यातच जंतू वाढतात.

अतिनील किरणांचे यंत्र. याने जंतू निकामी होतात. पाण्यात काही मिसळत नाही व त्यातून काही निघतही नाही. म्हणून चवीत फरक पडत नाही. पाणी मात्र आधी स्वच्छ हवे. गढूळ पाण्यात किरण पोहोचत नाहीत.

आर.ओ. यंत्र. सिडनी लोब व भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरिराजन यांनी १९६० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठात या पद्धतीचा उपयोगी पडदा तयार केला. दाबाने पाणी त्या पडद्यापलीकडे जाते आणि नव्वद टक्क्यांहून अधिक क्षार अलीकडे राहतात. मचूळ व खारट पाणी याने गोड होते. परंतु मुळातच हलके पाणी यात घातले तर होती ती चवही जाते. 'गोड' व 'फिके' ही दोन्ही मते याच यंत्राविषयी का ऐकू येतात, याचा उलगडा येथे होतो. शिवाय घरगुती यंत्रात एक लिटर पाण्यामागे साधारणतः दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकले जाते.

चव साक्ष देते, पण अपुरी

येथवर चवीचे गुण सांगितले. आता तिची मर्यादा सांगितली पाहिजे. १८५४ साली लंडनमध्ये ब्रॉड स्ट्रीट भागात पटकीची साथ आली, तेव्हा डॉ. जॉन स्नो यांना एक चमत्कारिक मृत्यू आढळला. तेथून दूर हॅम्पस्टेड भागात राहणाऱ्या एका विधवा वृद्धेस पटकी झाली होती. त्या भागात साथ नव्हती. चौकशीत समजले की, ती बाई पूर्वी ब्रॉड स्ट्रीटवर राहत असे. तेथील पंपाच्या पाण्याची चव तिला फार आवडे, म्हणून तिचे मुलगे रोज त्या पाण्याची बाटली गाडीतून तिच्याकडे पाठवीत. पुत्रांनी आईच्या आवडीसाठी पाठविलेल्या पाण्यानेच तिचा अंत झाला. तिला भेटावयास आलेली पुतणीही तेच पाणी पिऊन वारली. पाणी चवीला उत्तमच होते.

आमच्या त्या गिऱ्हाईकाच्या घरीही अशीच गोष्ट होती. डाळीच्या निमित्ताने त्यांचे पाणी आम्ही प्रयोगशाळेत तपासावयास दिले. जडपणा ६०० च्या पुढे निघाला, तो अपेक्षितच होता. परंतु नायट्रेटही ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेहून अधिक निघाले. खतांतून, गोठ्यांतून व शोषखड्ड्यांतून जमिनीत उतरणारे हे द्रव्य ना रंगाने कळते, ना वासाने, ना चवीने. सहा महिन्यांच्या आतील बाळास वरचे दूध या पाण्यात कालवून दिले तर त्याचे रक्त प्राणवायू नीट वाहू शकत नाही. आणि त्यांच्या घरी दोन महिन्यांचा नातू वरच्या दुधावर होता. पाणी ते रोज काळजीपूर्वक उकळीत. पण उकळण्याने नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. कापडाने, कँडलने व कोळशानेही ते जात नाही. आम्ही त्याच दिवशी फोन केला. बाळास डॉक्टरांकडे नेण्यात आले. सुदैवाने काही अपाय झालेला नव्हता. तेथे आर.ओ. यंत्र बसविणे हेच योग्य होते व तसे ते बसविण्यात आले.

पुढे ते गृहस्थ पेढीवर आले, तेव्हा आम्ही त्यांच्याविषयी मनात आणलेला संशय त्यांना सांगून क्षमा मागितली. क्षमावाणीच्या दिवशी सर्वांस मिळून क्षमा मागणे सोपे असते. चोपडीत ज्याची बाकी आहे अशा एकास मागणे जड जाते, असा आमचा अनुभव झाला. ते इतकेच म्हणाले, "शेठजी, डाळ शिजली असती तर पाणी कोणी तपासलं असतं?"

विक्रेत्याची करामत

आमच्या घरची गोष्ट याच्या उलट आहे. बेळगावास राकसकोप व हिडकल या जलाशयांचे पाणी येते. आमच्या नळाच्या पाण्याचा टी.डी.एस. आम्ही मोजला, तो ५०० च्या कितीतरी खाली होता. तरीही चिरंजिवांनी आर.ओ. यंत्र आणले, ते एका विक्रेत्याच्या प्रयोगाने घाबरून. त्या विक्रेत्याने दोन पेले घेतले, एकात नळाचे पाणी व एकात यंत्राचे, आणि विजेवर चालणाऱ्या दांड्या दोन्हींत बुडविल्या. नळाचे पाणी क्षणात तांबूस-काळे झाले, यंत्राचे स्वच्छ राहिले. "पाहा, काय पिता आपण!" असे म्हटल्यावर कोणती आई मुलाला ते पाणी देईल?

वास्तविक तो रंग पाण्यातील घाणीचा नव्हता. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते, लोखंडी दांडी झिजते आणि तिचाच गंज पाण्यात उतरतो. क्षार काढलेल्या पाण्यातून वीज फारशी वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ दिसते. निर्दोष पाण्यात चिमूटभर मीठ टाकले तरी हाच देखावा होईल. आम्ही व्यापारी आहोत. माल खपविण्यासाठी चार शब्द बोलावे लागतात, हे जाणतो. परंतु गिऱ्हाईकाला भीती घालून विकणे आणि मापात मारणे यांत आम्हांस भेद दिसत नाही.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानेही मे २०१९ मध्ये, ज्या पाण्याचा टी.डी.एस. ५०० च्या आत आहे तेथे आर.ओ. वापरण्यास बंदी घालावी, असा निर्देश केंद्रीय पर्यावरण मंत्रालयास दिला. कारण पाण्याची नासाडी. पाण्यास अप्काय म्हणजे जीवमय मानणाऱ्या आपल्या समाजास तर हे अधिकच लागू आहे. एक पेला पिण्यासाठी गरज नसताना दोन-तीन पेले मोरीत सोडावेत आणि मग गाळणे धुऊन वाळत घालावे, हे आम्हांस सुसंगत वाटेना.

घरातील परीक्षा

तरी आमचा आग्रह असा होता की, यंत्राच्या पाण्याची चव आम्हांस हटकून ओळखू येते. सूनबाईंनी त्याची परीक्षा घेतली. तीन सारखे पेले. एकात नळाचे, एकात कोळशातून गाळलेले, एकात आर.ओ.चे पाणी, तिन्ही सारख्याच थंडाव्याचे, कोणते कोठे हे फक्त तिला ठाऊक. आम्ही मोठ्या ऐटीत एक पेला पुढे करून "हे यंत्राचे" म्हणालो, तो तो कोळशाच्या पाण्याचा निघाला! क्लोरीनचा वास गेल्यामुळे आम्ही फसलो. नळाचे पाणी मात्र घरातील सर्वांनी वासावरून ओळखले. म्हणजे आमच्या घरास कोळसा व अतिनील किरण एवढेच पुरेसे होते. पुढे आम्ही तसाच बदल केला, आणि चहाही घरच्यांच्या मनासारखा होऊ लागला.

अखेरचे निवेदन

एवढ्या अनुभवावरून आम्ही व्यापारी बंधुभगिनींस तीन गोष्टी विनवितो. पहिली, यंत्र घेण्यापूर्वी पाणी तपासून घ्यावे. बोअरचे असेल तर नायट्रेट, फ्लोराइड व जडपणा अवश्य पाहावा. घरातील लहान मीटर केवळ क्षार मोजतो. जंतू वा विशिष्ट विष तो दाखवीत नाही. दुसरी, अहवालात जो दोष असेल त्यास पुरेल एवढीच गाळणी घ्यावी. आर.ओ.ची खरोखर गरज असेल तर बाहेर पडणारे पाणी फरशी व अंगण धुण्यास वापरावे. काही यंत्रांत चवीसाठी पडद्यातून न गेलेले थोडे पाणी परत मिसळण्याची सोय असते. मूळ पाण्यात नायट्रेट असेल तर ती सोय बंद ठेवावी, कारण चवीबरोबर नायट्रेटही परत येते. तिसरी, पाण्याची चव एकाएकी बदलली तर ती सूचना समजून चौकशी करावी. पण चव चांगली आहे एवढ्यावर निर्धास्त राहू नये.

पोत्याच्या तोंडाचे मूठभर दाणे पाहून आपण माल उचलीत नाही. परखी घालून आतला नमुना पाहतो. रोजच्या पिण्याच्या पाण्यास आपण तेवढीही परीक्षा लावीत नाही, ही खेदाची गोष्ट आहे. आईचे ते दुपदरी गाळणे आमच्या घरी आजही नळाच्या तोंडाशी आहे आणि राहील. ते जीवदयेसाठी आहे. आरोग्यासाठी काय लागते, ते तपासून ठरवावे. संघातील सर्व कुटुंबांस निर्मळ व रुचकर पाणी लाभो, ही सदिच्छा व्यक्त करून हा लेख पुरा करितो.